साखर, जखम आणि न मरणारे जंतू



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ओळखता. इथं बसलेल्या बऱ्याच जणांनी त्यांच्या दवाखान्यातल्या बाकावर नंबर लावून वाट पाहिलेली आहे. माझी त्यांची ओळख झाली ती त्यांनी आमच्या प्रयोगशाळेकडे पाठवलेल्या नमुन्यांमुळे. नमुन्यासोबतच्या कागदावर बहुतेक डॉक्टर 'पू, कल्चरसाठी' एवढंच लिहितात. आपले डॉक्टर मात्र लिहायचे : जखम कुठे आहे, किती दिवसांची आहे, आधी कोणती औषधं देऊन झाली आणि सगळ्यात शेवटी, आजची शुगर किती. जंतूंची तपासणी करणाऱ्या माणसाला हा शेवटचा आकडा सहसा कुणी कळवत नाही. जंतूचा आणि शुगरचा काय संबंध, असं वाटतं. माझं आजचं बोलणं त्या आकड्याविषयी आहे.

मधुमेह आणि औषधांना न जुमानणारे जंतू, हे दोन विषय आपण वर्तमानपत्राच्या दोन वेगळ्या पानांवर वाचतो. मधुमेह आरोग्य पुरवणीत असतो, बाजूला मेथीदाण्यांचे उपाय असतात. जंतू पहिल्या पानावर येतात, 'सुपरबग' अशा मथळ्याखाली, आणि दोन दिवसांनी गायब होतात. आकडे दोन्हीकडे मोठे आहेत. आयसीएमआरच्या इंडियाब पाहणीचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात 10 कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे 13 कोटी 60 लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत. सगळ्यांत वरचा नंबर आपल्या शेजारच्या गोव्याचा, 26.4 टक्के. म्हणजे मोठ्या माणसांत चारातल्या एकाहून जास्त. जंतूंचं म्हणाल तर 2019 या एका वर्षात जगात सुमारे 12 लाख 70 हजार माणसं थेट अशा जंतूंमुळे दगावली, ज्यांच्यावर दिलेलं औषध चाललं नाही. हे आकडे मी एकदाच सांगते आणि बाजूला ठेवते, कारण आकड्यांनी माणूस घाबरतो, पण त्याला नेमकं काय घडतं ते समजत नाही. ते समजायला एका माणसाच्या एका जखमेपाशी जावं लागतं.

ती जखम अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातली. वर्ष 2002. चाळिशीची एक बाई. मधुमेह जुना, पायाच्या रक्तवाहिन्या आकसलेल्या, मूत्रपिंडं निकामी झाल्यामुळे डायलिसिस चालू. पायावरच्या जखमा वर्षभर बऱ्या होत नव्हत्या आणि त्यासाठी अँटिबायोटिकचे कोर्समागून कोर्स झाले होते. त्यात व्हँकोमायसिनही होतं. एप्रिलमध्ये पायाचं एक बोट काळं पडलं, ते कापावं लागलं. त्यानंतर रक्तात जंतू पसरले, पुन्हा व्हँकोमायसिन. जूनमध्ये डायलिसिसच्या नळीच्या तोंडाशी संसर्ग वाटला म्हणून नळी काढली, तिथला नमुना तपासणीला गेला, आणि प्रयोगशाळेतल्या माणसांनी तो बहुधा पुन्हा पुन्हा लावून पाहिला असेल. मी तरी पाहिला असता.

कारण आलेलं उत्तर जगात तोपर्यंत कुणी रुग्णात पाहिलेलं नव्हतं. जंतू होता स्टॅफिलोकॉकस ऑरियस. गळवं, बेंड, काळपुळी, नखुरडं या सगळ्यांमागे बहुतेक वेळा हाच असतो, आपल्यातल्या कित्येकांच्या नाकात तो निवांत राहतो. पेनिसिलीनला तो लवकरच निर्ढावला. मग मेथिसिलीन आलं. 1961 मध्ये ब्रिटनमध्ये मेथिसिलीनलाही दाद न देणारा स्टॅफ सापडला, ज्याला आपण आज एमआरएसए म्हणतो. त्यानंतर कपाटात राखून ठेवलेलं औषध म्हणजे व्हँकोमायसिन. बोर्निओच्या जंगलातल्या मातीतून मिळालेलं, 1958 पासून वापरात असलेलं, शिरेतून द्यावं लागणारं औषध. चाळीसहून जास्त वर्षं स्टॅफनं त्याच्याकडे पूर्ण पाठ फिरवली नव्हती. मिशिगनच्या त्या नमुन्यात ती फिरवली.

नळीच्या तोंडाची जखम आठवड्यात भरली. पण पायाची जखम तपासली तेव्हा खरी गोष्ट उलगडली. एकाच जखमेत तीन जंतू एकत्र राहत होते : हा नवा स्टॅफ, क्लेबसिएलाचा एक प्रकार, आणि एन्टेरोकॉकस. हा तिसरा आपल्या आतड्यातला रहिवासी, आणि व्हँकोमायसिनला न जुमानण्याची युक्ती त्याच्याकडे आधीपासून होती. ती युक्ती जनुकांच्या एका तुकड्यावर असते आणि तो तुकडा एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. पुढच्या वर्षी जनुकं तपासून सिद्ध झालं की स्टॅफनं तो तुकडा एन्टेरोकॉकसकडूनच घेतला होता. असं होऊ शकतं हे ब्रिटिश शास्त्रज्ञांनी 1992 मध्ये प्रयोगशाळेत दाखवलं होतं. माणसात ते घडायला दहा वर्षं लागली, आणि घडलं ते एका मधुमेही बाईच्या पायात.

ती बाई बरी झाली. एका जुन्या, स्वस्त औषधानं, ज्याला आपण सेप्ट्रान म्हणून ओळखतो, आणि जखमेची नेटानं साफसफाई करून. तिच्यापासून तो जंतू आणखी कुणाला गेल्याचं आढळलं नाही. नंतरच्या वर्षांत अमेरिकेत असे मोजकेच रुग्ण सापडले, आणि त्यातही मधुमेही आणि न भरणाऱ्या जखमा असलेले लोक पुन्हा पुन्हा दिसले.

दुसरी घटना आपल्या जास्त जवळची, आणि तिच्यावर आपल्याकडे बरंच रण माजलं होतं. स्वीडनचे नागरिक असलेले एक भारतीय वंशाचे गृहस्थ 2007 च्या अखेरीस भारतात आले होते. इथं त्यांच्या कुल्ल्यावर मोठं गळू झालं. पंजाबात आणि नंतर दिल्लीत त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाल्या. जानेवारी 2008 मध्ये ते स्वीडनच्या रुग्णालयात दाखल झाले आणि त्यांच्या लघवीत क्लेबसिएला सापडला, जवळपास सगळ्या औषधांना पुरून उरलेला. चाललं तर फक्त कोलिस्टिन. त्याच्याकडे कार्बापेनेम गटाची औषधं तोडणारं एक नवं विकर होतं, आणि तेच जनुक त्यांच्या विष्ठेतल्या ई. कोलाय जंतूतही मिळालं. म्हणजे इथंही एका शरीरात एका जंतूकडून दुसऱ्याकडे हस्तांतर झालेलं. विकराला नाव पडलं न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज, एनडीएम-1.

ऑगस्ट 2010 मध्ये लॅन्सेटच्या नियतकालिकात त्यावर मोठा लेख आला आणि इकडे एकच गदारोळ उडाला. राजधानीचं नाव जंतूला का, वैद्यकीय पर्यटन बुडवण्याचा हा डाव आहे, अशी भाषणं झाली. नावाबद्दलचा राग मला समजतो. पण त्या गोंगाटात दोन गोष्टी हरवल्या. एक म्हणजे, हा लेख येण्याच्या कितीतरी आधी, मार्च 2010 मध्ये, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी भारतीय फिजिशियन संघटनेच्या नियतकालिकात स्वतःहून लिहिलं होतं की कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या 24 नमुन्यांपैकी 22 नमुन्यांत हे विकर आहे. लॅन्सेटनं सांगण्याआधी आपल्याच माणसांनी सांगितलं होतं. दुसरी गोष्ट, या विकरावरच्या पहिल्या शोधनिबंधाच्या सुरुवातीलाच लिहिलेली, कुणी मोठ्यानं वाचली नाही : त्या गृहस्थांना मधुमेह होता.

दोन घटनांवरून नियम सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. मधुमेही जगात इतके आहेत की कुठल्याही वॉर्डात दर चार-पाच खाटांमागे एक भेटेलच. तेव्हा योगायोगही असू शकतो. म्हणून शरीरात काय चालतं ते पाहू.

रक्तात साखर खूप दिवस चढी राहिली की आपल्या पांढऱ्या पेशी सुस्तावतात. जंतू शिरला त्या जागी पोचायला त्यांना उशीर होतो, पोचल्यावर गिळायला आणि मारायला त्या कमी पडतात. लहान रक्तवाहिन्या बिघडतात, मोठ्या आकसतात, त्यामुळे जखमेपर्यंत रक्त कमी येतं. रक्तच कमी आलं तर रक्तातून येणारं औषधही तिथं पुरेसं पोचत नाही. जंतूला मरण्याइतका डोस मिळत नाही, सराव होण्याइतका मिळतो. नसा बधिर होतात, म्हणून जखम झाल्याचं कळत नाही. मूत्राशयाच्या नसा बिघडल्या की लघवी पूर्ण होत नाही, उरलेल्या लघवीत जंतू मुक्काम करतात. त्यात असा माणूस वारंवार रुग्णालयात जातो, आणि रुग्णालय ही हट्टी जंतूंची सगळ्यात मोठी वसाहत आहे. इथपर्यंतचं डॉक्टर मंडळींना पाठ आहे. यावरून आपण इतकंच म्हणत होतो की मधुमेहींना संसर्ग जास्त होतात, म्हणून औषधं जास्त घ्यावी लागतात, म्हणून त्यांच्यात रेझिस्टंट जंतू जास्त सापडतात.

फेब्रुवारी 2025 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या संशोधकांनी 'सायन्स ॲडव्हान्सेस'मध्ये एक काम प्रसिद्ध केलं, त्यानं या साखळीत एक कडी वाढवली. त्यांनी काही उंदरांना मधुमेह आणला. तो आणण्यासाठी वापरतात ते रसायन, स्ट्रेप्टोझोटोसिन, मुळात अँटिबायोटिक म्हणूनच मातीतल्या जंतूपासून मिळवलेलं होतं. ते स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारतं हे पुढे लक्षात आलं. निसर्गाचा हा एक खवचटपणा. असो. मधुमेही आणि निरोगी, दोन्ही उंदरांच्या कातडीत त्यांनी स्टॅफचा संसर्ग केला आणि रिफाम्पिसिन दिलं. रिफाम्पिसिन तुमच्यातल्या अनेकांना माहीत आहे, टीबीच्या गोळ्यांमधलं, लघवी लालसर करणारं. पाच दिवसांनी निरोगी उंदरांत रिफाम्पिसिनला निर्ढावलेला एकही जंतू सापडला नाही. मधुमेही उंदरांत असे जंतू सापडले दहा कोटींहून जास्त.

हे कसं झालं? उत्तर हिशोबाचं आहे. रिफाम्पिसिनला दाद न देण्यासाठी जंतूला एका जनुकात एकच लहानसा बदल पुरतो, आणि असा बदल कोट्यवधी जंतूंत एखाद्यात आपसूक होतो. जंतू हजारात असतील तर तो सहसा होणार नाही. अब्जांत असतील तर झाल्याशिवाय राहणार नाही. लॉटरीचं एक तिकीट घेणारा आणि सगळा गठ्ठा उचलणारा, यांच्यात जेवढा फरक, तेवढा. मधुमेही उंदराच्या जखमेत साखर मुबलक आणि पांढऱ्या पेशी ढिल्या, त्यामुळे जंतूंची संख्याच प्रचंड. बदल झालेला एक जंतू निपजला की त्याला मारायला पेशी नाहीत आणि औषध त्याचं काही बिघडवत नाही. बाकीचे मरतात आणि तो जागा बळकावतो. संशोधकांनी मग दोन्ही गटांत मुद्दाम थोडे निर्ढावलेले जंतू मिसळून पाहिले. मधुमेही उंदरांत तेच झपाट्यानं माजले, निरोगी उंदरांत माजले नाहीत.

आणि मग त्यांनी मधुमेही उंदरांना इन्सुलिन दिलं. साखर उतरली, जंतूंची संख्या उतरली, निर्ढावलेल्या जंतूंची पैदासही आटली.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे. एकच जंतू होता, एकच औषध होतं, आणि रिफाम्पिसिन एकटं दिलं तर फसतं हे आपल्याला टीबीमुळे अर्धशतक ठाऊक आहे; म्हणून तर टीबीच्या उपचारात ते एकटं देत नाहीत. पण या प्रयोगातून एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. मधुमेही शरीर हे रेझिस्टंट जंतूंचं केवळ राहण्याचं ठिकाण नाही, ते घडण्याचंही ठिकाण आहे; आणि हे ठिकाण बंद करायला लागणारं औषध शंभर वर्षांपूर्वी शोधलं गेलेलं आहे. इन्सुलिन माणसाला पहिल्यांदा टोचलं गेलं जानेवारी 1922 मध्ये. नव्या अँटिबायोटिकच्या शोधासाठी आपण जेवढे डोळे लावून बसतो, त्यातला थोडा वेळ साखरेकडे दिला तर बरं.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडची जखम सहसा पायाला होते, आणि ती होण्याच्या आपल्या खास तऱ्हा आहेत. चैत्रात देवळाच्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा, नवरात्रात अनवाणी राहण्याचा नेम, वारीत चपलेशिवाय चालण्याचा हट्ट. बधिर पायाला फरशीचा चटका कळत नाही, संध्याकाळी फोड आल्यावर कळतो. कुणी पाय गार पडले म्हणून गरम पाण्याची पिशवी ठेवतं आणि भाजून घेतं. कुणी भोवरी ब्लेडनं कापतं. भारतातल्या डॉक्टरांनी रात्री झोपेत उंदीर बोट कुरतडून गेला तरी जाग न आलेल्या रुग्णांचीही नोंद केलेली आहे. मी श्रद्धेच्या विरोधात बोलत नाही. विठोबाला मोजे घातलेले पाय चालत नाहीत, असं मी तरी कुठल्याही अभंगात वाचलेलं नाही.

जखम झाली की पुढचा प्रवास मी प्रयोगशाळेतल्या टेबलावरून पाहते. रुग्ण आधी मेडिकलमध्ये जातो. तिथून पाच गोळ्या. मग एका डॉक्टरकडून दुसरा कोर्स, दुसऱ्याकडून तिसरा. तिसऱ्या आठवड्यात जखमेवरून कापसाची काडी फिरवून नमुना आमच्याकडे येतो. तो आम्ही फिकट पिवळ्या अगारच्या प्लेटवर पसरतो, वर औषधात भिजवलेल्या सहा मिलिमीटरच्या कागदी चकत्या ठेवतो आणि रात्रभर उबेत ठेवतो. सकाळी प्लेट उघडते तेव्हा औषध चालत असेल तर चकतीभोवती स्वच्छ, पारदर्शक कडं दिसतं, पट्टीनं मोजता येईल असं. चालत नसेल तर जंतू चकतीला भिडून वाढलेले असतात. मधुमेही पायाच्या कित्येक प्लेटांत एकही कडं धड दिसत नाही. कधी सगळी प्लेट हिरवट झालेली असते आणि झाकण उचलताच द्राक्षांसारखा गोडसर वास येतो, तो स्यूडोमोनास. पाश्चात्त्य पुस्तकांत मधुमेही पायाचा मुख्य गुन्हेगार स्टॅफ आहे. आपल्यासारख्या उष्ण देशात स्यूडोमोनास, क्लेबसिएला, ई. कोलाय यांचाच भरणा जास्त, आणि आपल्याकडे हेच जंतू सगळ्यात निर्ढावलेले आहेत. नागपूरच्या डॉ. शरद पेंडसे यांनी मधुमेही पावलांचा सचित्र ॲटलास केला आहे, तो पाहिला की आपले पाय पुस्तकातल्या पायांपेक्षा किती वेगळ्या वाटेनं बिघडतात ते दिसतं.

त्या कापसाच्या काडीबद्दल माझं जुनं भांडण आहे. जखमेच्या वरच्या थरावर हजार जंतू नुसते येऊन बसलेले असतात, त्यांचा त्या आजाराशी संबंध असतोच असं नाही. काडीला तेच चिकटतात. मग माझ्या रिपोर्टवर चार जंतूंची नावं आणि त्यांच्यापुढे 'आर', 'आर', 'आर' अशी रांग येते. रुग्णाच्या मुलाला ती रांग पाहून घाम फुटतो, डॉक्टरांना धीर होत नाही आणि सुरू होतं सगळ्यात महागडं इंजेक्शन, अशा जंतूवर जो कदाचित काही करतच नव्हता. जखम आधी धुवावी, मेलेलं मांस काढावं, आणि तळातला लहानसा तुकडा पाठवावा. तोच खरं बोलतो. जगभरचे मधुमेही पायाचे तज्ज्ञ हेच सांगतात. ते आणखी एक सांगतात, ते ऐकायला आपल्याला जड जातं : जखमेला लाली, सूज, ऊब, दुखणं, पू यांतलं काही नसेल, तर तिला संसर्ग झालेला नाही, तिथं अँटिबायोटिक देऊ नये आणि कल्चरही करू नये. अशी जखम गोळ्यांनी भरत नाही. ती भरते पायावरचा भार काढल्यानं, प्लास्टर किंवा खास चपलेनं, रक्तपुरवठा सुधारल्यानं आणि साखर आटोक्यात आल्यानं. पण भार काढायचा म्हणजे माणसानं सहा आठवडे बसायचं. जो रोज हमालीवर किंवा शेतावर जातो त्याला हे सांगणं सोपं नाही. गोळी देणं सोपं आहे. आपल्याकडच्या बऱ्याच अँटिबायोटिकचं मूळ आजारापेक्षा या अडचणीत आहे, असं माझं मत आहे.

लघवीची गोष्ट याहून सरळ आहे, आणि तिच्यात सगळ्यात जास्त औषध वाया जातं. मधुमेही बायकांच्या लघवीत कसलाही त्रास नसताना जंतू सापडण्याचं प्रमाण इतर बायकांपेक्षा बरंच जास्त असतं. वार्षिक तपासणीच्या पॅकेजमध्ये लघवीही तपासली जाते, रिपोर्टवर 'पस सेल्स' लिहून येतात, कल्चरमध्ये ई. कोलाय उगवतो, आणि आठ दिवसांच्या गोळ्या सुरू होतात. जळजळ नाही, ताप नाही, पाठ दुखत नाही, तरी गोळ्या. मधुमेह आहे म्हणजे धोका कशाला घ्या, हा विचार. तो विचार तपासून पाहिलेला आहे. कॅनडातल्या संशोधकांनी अशा 105 मधुमेही स्त्रियांना तीन वर्षांपर्यंत पाहिलं, निम्म्यांना जंतू दिसले की औषध, निम्म्यांना नाही. पुढे त्रासदायक संसर्ग झाला तो पहिल्या गटात 42 टक्के स्त्रियांना, दुसऱ्या गटात 40 टक्के. मूत्रपिंडांनाही काही फायदा झाला नाही. औषध घेतलेल्या स्त्रियांच्या पोटात मात्र कितीतरी पट अँटिबायोटिक गेलं. हे 2002 मध्ये छापून आलं, मिशिगनची ती घटना घडली त्याच वर्षी. तरीही आजच्या तारखेला माझ्याकडे असे नमुने रोज येतात. गरोदरपणात आणि लघवीच्या मार्गावरच्या काही शस्त्रक्रियांच्या आधी नियम वेगळा आहे, तेव्हा ते आपल्या मनानं ठरवू नका. पण त्रास नसताना लघवीचं कल्चर का करायचं, हे विचारायला हरकत नाही.

टीबीबद्दल थोडक्यात सांगते, कारण ते स्वतंत्र व्याख्यानाचं काम आहे. मधुमेह असला की टीबी होण्याची शक्यता दोन ते तीन पटींनी वाढते. जिथं 'कुठल्याच औषधाला दाद न देणारा' अशा नावानं टीबी मुंबईच्या हिंदुजातल्या डॉक्टरांनी जगासमोर मांडला आणि सरकारला ते नाव आवडलं नाही, त्याच शहरात मधुमेहही घरटी पोचलेला आहे. टीबीच्या कार्यक्रमात मात्र एक शहाणपण आहे. टीबीच्या रुग्णाची साखर तपासायची आणि मधुमेह्याला खोकला आहे का ते विचारायचं, असं राष्ट्रीय पातळीवर 2017 पासून लेखी ठरलेलं आहे.

मला हेच बाकीच्या जंतूंबद्दल हवं आहे. अँटिबायोटिक रेझिस्टन्सचा राष्ट्रीय कृती आराखडा 2017 मध्ये आला. त्याआधी, मार्च 2014 पासून शेड्यूल एच-1 लागू झालं : ठरावीक अँटिबायोटिक विकताना दुकानदारानं डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या वहीत लिहायची आणि ती वही तीन वर्षं सांभाळायची. तालुक्याच्या ठिकाणी ती वही किती दुकानांत भरली जाते ते तुम्हीच सांगा. मधुमेहाचा राष्ट्रीय कार्यक्रम याहून वेगळा, त्याचे अधिकारी वेगळे, त्यांचे तक्ते वेगळे. रेझिस्टन्सच्या बैठकीत कोंबड्यांच्या खाद्याची चर्चा होते, ती व्हायलाच हवी. कोलिस्टिन प्राण्यांना द्यायला 2019 मध्ये बंदी आली ती त्यातूनच. कारखान्यांच्या सांडपाण्याची चर्चा होते. पण इन्सुलिन प्राथमिक आरोग्य केंद्रात महिनाभर पुरतं का, मधुमेह्याच्या पायाला तपासणीची नायलॉनची तार वर्षातून एकदा तरी लागते का, हे प्रश्न त्या खोलीत कुणी विचारत नाही. ते दुसऱ्या खात्याचे आहेत.

ती तार फार साधी असते. दहा ग्रॅम दाब दिला की वाकते अशी नायलॉनची काडी, तळव्यावर टेकवायची आणि विचारायचं, कळतंय का. ज्याला कळत नाही त्याच्या पायाला वर्षभरात जखम होण्याची शक्यता जास्त. कुठलाही कंपाउंडर, कुठलीही आशाताई हे करू शकते. एमआरआय लागत नाही, शहर लागत नाही. मिशिगनसारखी जखम जिथून सुरू होते, तिथं ही तार पोचते. मला विचाराल तर अँटिबायोटिक वाचवण्याच्या सगळ्या साधनांत सगळ्यात स्वस्त साधन हेच.

नव्या औषधांची आशा मी मोडणार नाही. महाराष्ट्रातच घडलेलं एक उदाहरण आहे. वोक्हार्ट कंपनीचं लेवोनाडिफ्लोक्सासिन हे औषध भारतात 2020 च्या सुरुवातीला मंजूर झालं, कातडीच्या तीव्र संसर्गांसाठी, आणि त्या मंजुरीत मधुमेही पायाच्या संसर्गाचा उल्लेख स्पष्ट आहे. एमआरएसएवर चालणारं, गोळीच्या रूपातही मिळणारं औषध आपल्याकडे बनावं, ही अभिमानाची गोष्ट आहे. पिंपरीला 1954 मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, तेव्हा पेनिसिलीन देशात बनणार याचंच लोकांना केवढं अप्रूप होतं. पण मिशिगनच्या पायातही प्रत्येक औषध आधी नवंच होतं. हे नवं औषधही त्या हिरवट प्लेटवर चालावं अशी अपेक्षा धरू नका. ते मुख्यतः स्टॅफच्या बाजूचं आहे. आणि ते कापसाच्या काडीवर आलेल्या रिपोर्टवरून, साखर 350 असताना, संसर्ग नसलेल्या जखमेसाठी लिहिलं गेलं, तर त्याचंही काय होणार ते सांगायला मला उंदीर लागत नाहीत.

एक शेवटची विनंती डॉक्टर मंडळींना. इथं मागे तरुण डॉक्टर बसलेले दिसतात. नमुना पाठवाल तेव्हा कागदावर शुगर लिहीत जा. एचबीए1सी असेल तर तेही. माझ्या रिपोर्टचा अर्थ त्याच्यावर बदलतो, आणि दहा वर्षांनी कुणाला या गावातल्या जंतूंचा आणि साखरेचा हिशोब मांडायचा झाला, तर तुमच्या त्या चार अक्षरांखेरीज दुसरं काही हाताशी नसेल.

माझं बोलणं इथं थांबवते. आता प्रश्न घेऊ. चिठ्ठ्या पुढे पाठवा, आयोजक वाचून दाखवतील. औषधाचं नाव सुचवा अशा चिठ्ठ्या मात्र नकोत. जखम पाहिल्याशिवाय मी ते सांगणार नाही, आणि शेजाऱ्याला कुठल्या गोळीनं गुण आला ते मला कळवूही नका.